खाजण, सडा आणि परसू : जवळच्या निसर्गचित्रणासाठी टेलिफोटो कोणती घ्यावी?

खाजणकाठ
मंडळी, कॅनन ९०डी आहे, सोबत १८-५५. आता एकच मोठी लेन्स घ्यायची आहे. विषय चार: खाजणातले (खाडीकाठच्या दलदलीतले) फिडलर खेकडे आणि निवट्या (चिखलावर चालणारे मासे), परसातली फुलपाखरं, पावसाळ्यात सड्यावरची (जांभ्याच्या उघड्या पठारावरची) बारीक फुलं, आणि कधीमधी आंबोलीकडे गेलं तर चापडा (झाडावरचा विषारी साप). पक्षी हा मुख्य विषय नाही.
यादीत सध्या या चार आहेत: कॅनन १००-४०० एल दुसरी आवृत्ती (वापरलेली), सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, कॅनन ४०० एफ/५.६ (वापरलेली) आणि कॅनन १०० मॅक्रो एल. जितके मिमी जास्त तितकं जवळचं चांगलं दिसणार, असं दुकानदार सांगतो. तसं खरंच असतं का? आणि खारी हवा, चिखल, पाऊस यांत यातलं काय टिकेल?

भिंगवाला
नसतं. जवळच्या कामाला मिमी बघायचे नाहीत. लेन्सच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात, ते बघायचे: किमान फोकस अंतर आणि कमाल मॅग्निफिकेशन. मॅग्निफिकेशन म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट आहे, ते. ९०डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. त्याला मॅग्निफिकेशनने भागलं की चौकटीत जास्तीत जास्त किती बारीक जागा भरेल, ते कळतं.

तुमच्या यादीला हा हिशेब लावू. ४०० एफ/५.६ साडेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही. मॅग्निफिकेशन ०.१२, म्हणजे चौकट १८६ मिमी रुंद. उडत्या घारीला उत्तम, खेकड्याला निरुपयोगी. सिग्मा १५०-६०० चं किमान अंतर २.८ मीटर आणि मॅग्निफिकेशन ०.२, चौकट ११० मिमीच्या आसपास. १००-४०० दुसरी आवृत्ती ९८ सेंमीवर फोकस करते, ०.३१, चौकट ७२ मिमी. मॅक्रो एकास एक देते, चौकट २२ मिमी. म्हणजे ६०० मिमीच्या लेन्सपेक्षा ४०० मिमीची लेन्स जवळचं दीडपट मोठं दाखवते. दुकानदाराचं गणित इथे उलटं पडतं.

दुसरं, किमान अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या तोंडापासून नाही. बॉडीवर वर्तुळातून आडवी रेघ गेल्याची एक खूण असते, तिथून मोजायचं. १००-४०० पूर्ण ताणली की ९८ सेंमीपैकी लेन्सच्या तोंडापुढे साठ-पासष्ट सेंमी उरतात, हूड लावला तर त्याहून कमी. मॅक्रोला एकास एकवर तोंडापुढे वीतभरसुद्धा जागा राहत नाही. फुलपाखरू त्याआधीच उडालेलं असतं.

रानमोगरा
भिंगवालादादांना अनुमोदन. फुलपाखरांसाठी या चारांत १००-४०० च. अडीच सेंमीचं छोटं निळं फुलपाखरू गवतावर बसलं तर चौकटीचा तिसरा हिस्सा भरतं, क्रॉप करायलाही वाव राहतो. नीलवंत (आपलं राज्य फुलपाखरू) पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. त्याच्यासाठी उलट मागे सरकावं लागतं, आणि तिथे झूम कामी येतो.

यात बहुतेकांचं चुकतं ते डेप्थमध्ये, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्यात. ०.३ मॅग्निफिकेशनला क्रॉप (९०डीसारख्या छोट्या) सेन्सरवर एफ/८ ला स्पष्ट पट्टा जेमतेम चार मिमीचा मिळतो, एफ/११ ला साडेपाच-सहा. लांब लेन्सने डेप्थ कमी मिळते असा समज आहे. तसं नाही. मॅग्निफिकेशन आणि अ‍ॅपर्चर तेच असेल तर १०० च्या आणि ४०० च्या लेन्सची डेप्थ जवळपास सारखीच येते. फरक पडतो पार्श्वभूमीत. लांब लेन्स मागचा अगदी अरुंद तुकडा उचलते, त्यामुळे परसातला पत्रा, दोरीवरचे कपडे, चिऱ्याचा गडगा हे सगळं एका अंगच्या पावलाभर सरकण्याने चौकटीबाहेर जातं. जवळच्या कामाला टेलिफोटो घ्यायची ती या गुणासाठी.

म्हणून पंख मिटलेल्या फुलपाखराला सेन्सर पंखाशी समांतर ठेवा. कॅमेरा आडवा फिरवून डावं-उजवं साधता येतं, पण वर-खाली तिरपं राहून जातं आणि पंखाचं टोक मऊ येतं. एफ/८, १/५०० च्या वर शटर, आयएसओ ऑटो. सकाळी उन्हं अंगावर यायच्या आत गेलात तर ती थंड असतात, जवळ येऊ देतात.

तांडेल
ह्यो प्रश्न माका जवळचो, म्हणान मोठा लिवतंय.

खाजणातलं गणित वेगळं आहे. परसात आणि सड्यावर अंतर आपण ठरवतो. खाजणात अंतर खेकडा ठरवतो. एक मीटरवर फोकस करणारी लेन्स असली तरी एक मीटरवर खेकडा बाहेर राहत नाही. तो बिळात. त्यामुळे प्रत्यक्ष काम दोन ते तीन मीटरवरून होतं आणि तिथे १५०-६०० मागे पडत नाही, उलट थोडी पुढेच जाते. फक्त ती २.८ मीटरच्या आत आंधळी आहे, आणि निवटी पुष्कळदा चालत चालत त्याच्याही आत येते.

यावर तोडगा म्हणजे १००-४०० ला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा, मिमी वाढवणारा जोड). किमान अंतर ९८ सेंमीच राहतं, मॅग्निफिकेशन ०.३१ चं ०.४३ होतं, टोक ५६० मिमीला जातं. किंमत मोजायची ती एक स्टॉप उजेडाची, म्हणजे उजेड निम्मा. एफ/५.६ चं एफ/८ होतं. ९०डी एफ/८ ला ऑटोफोकस करतो, पण सगळ्या पॉइंटवर नाही. कांदळाच्या (खारफुटीच्या) सावलीत तो चाचपडतो, तेव्हा भर उजेडाची वेळ निवडा.

वेळेचा हिशेब: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी पूर्ण सुकती (ओहोटी). म्हणजे पुनवेनंतरची किंवा अवसेनंतरची द्वितीया-तृतीया धरली तर सकाळी साडेसात-आठला पाणी पार उतरलेलं असतं, उजेड कोवळा असतो आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे चिखल लांबवर उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं मागे हटत नाही. तेव्हा जाऊन उपयोग नाही.

पाणी उतरता उतरता बांधाच्या कडेला जाऊन बसा आणि हलू नका. काही मिनिटांत खेकडे वर येतात. हात वर करू नका, उभे राहू नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर हललेली आकृती त्यांना लगेच कळते. कांदळाची श्वासमुळं तुडवून आत घुसायचं काम नाही. ती मोडतात, आणि त्या आवाजाने खेकडेही जातात.

सडा_फिरस्ता
सड्यावरच्या फुलांचं वेगळं. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद यांतलं बरंच एक सेंमीच्या आतबाहेर आहे. ०.३१ ला ७२ मिमीच्या चौकटीत एक सेंमीचं फूल म्हणजे सातवा हिस्सा. ताटवा दाखवायचा असेल तर लांब लेन्स सुंदर काम करते, फुलांची दाटी एकावर एक रचलेली दिसते. एकट्या फुलासाठी मात्र ती एकटी पुरत नाही.

बजेट कमी असलेल्यांसाठी एक नाव या यादीत नाही, ते घालतो: कॅनन ५५-२५० एसटीएम. ८५ सेंमीवर फोकस, मॅग्निफिकेशन ०.२९, वजन ३७५ ग्रॅम. आकडा १००-४०० च्या जवळपास आणि वजन तिच्या पाव भागाहून कमी. हवामानरोधक नाही आणि उजेड कमी झाला की फोकस मंदावतो, पण फुलपाखरं आणि फुलं यांवर हात बसवायला याहून स्वस्त मार्ग नाही. तिच्या ५८ मिमीच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-१५० हे जवळचं दाखवणारं जोडभिंग चिमट्याने बसते.

वारा हाच सड्यावरचा खरा शत्रू. खालून समुद्राचा वारा सतत येतो आणि तीन इंची दांडा लवलवतो. १/८०० पर्यंत शटर चढवा, दोन झुळकांच्या मधल्या थांब्यात पाच-सहा फ्रेम घ्या. स्टॅबिलायझर हात स्थिर करतो, फूल नाही. शिवाय अंतर कमी होतं तसा स्टॅबिलायझरचा फायदाही घटतो, तेव्हा खोक्यावर छापलेल्या स्टॉपच्या आकड्यावर विसंबू नका.

आडवं पडण्याआधी आजूबाजूचे सुटे दगड नजरेने तपासा. कातळावर फुरसं दगडाखाली असतं आणि त्याचा रंग जांभ्यात मिसळून जातो. दगडाखाली हात घालायचा नाही. आणि मातीचा थर बोटभरच असतो, पाय ठेवाल तिथली झाडं मुळासकट सुटतात. उघड्या कातळावरून चाला.

खाजणकाठ
सगळ्यांचे आभार, खूपच स्पष्ट झालं. दोन प्रश्न. एकट्या फुलासाठी १००-४०० ला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावली तर चालेल का? आणि आरएफ १००-४०० बद्दल कुणीच बोललं नाही. ती हलकी आहे म्हणतात.

भिंगवाला
ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिमी). २५ मिमीची ट्यूब १०० च्या लेन्सवर ०.२५ ची भर घालते, ४०० वर फक्त ०.०६. लांब लेन्सला ट्यूब म्हणजे कष्ट जास्त आणि पदरात थोडं. त्यात दूरचा फोकस जातो आणि लेन्स-बॉडीच्या मध्ये आणखी एक सांधा येतो, जिथून दमट हवा आणि वाळू आत शिरते.

लांब लेन्सला क्लोज-अप फिल्टर, म्हणजे तोंडावर बसणारं जोडभिंग, लावायचा. इथे गणित उलटं चालतं, फोकल लेंग्थ जितकी मोठी तितका फायदा. कॅननचा ५००डी हा दोन भिंगांचा, दोन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) फिल्टर आहे. ७७ मिमीमध्ये मिळतो आणि १००-४०० चं तोंड ७७ चंच आहे. लेन्स अनंतावर ठेवली की फिल्टरपासून बरोबर अर्ध्या मीटरवर फोकस होतो आणि मॅग्निफिकेशन येतं फोकल लेंग्थ भागिले ५००. ४०० ला ०.८, म्हणजे चौकट २८ मिमी. झूम फिरवून २०० ला आणलं की ०.४, जागचं न हलता. उजेडही जवळजवळ तेवढाच राहतो. तोटा एकच: फिल्टर असेपर्यंत अर्ध्या मीटरच्या पलीकडचं काही दिसत नाही.

एकाच भिंगाचे स्वस्त संच येतात, एक-दोन-चार-दहा असे चार फिल्टर एका पाकिटात. ते घेऊ नका. कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि लांब लेन्सवर ती जास्तच उठून दिसते. दोन भिंगं चिकटवलेला अ‍ॅक्रोमॅटच घ्या.

रेनॉक्स १५० हा ४.८ डायॉप्टरचा. २५० मिमीवर एकास एकच्या पुढे, सुमारे १.२ पट जातो, पण फुलाशी अंतर वीसेक सेंमी उरतं. गेंद किंवा दवबिंदू चालतील, फुलपाखरू नाही. त्याचा चिमटा ५२ ते ६७ मिमीच्या तोंडांना बसतो, ७७ ला नाही. ७७ ला तो अडकवायच्या भानगडीत पडू नका, कोपरे काळे येतात.

कुळागर
आरएफ १००-४०० मी सुचवणार होतो. ६३५ ग्रॅम, ४०० ला मॅग्निफिकेशन ०.४१, या यादीतल्या प्रत्येक टेलिफोटोपेक्षा जास्त. दिवसभर हातात धरता येते.

भिंगवाला
कुळागर, आकडे बरोबर आहेत, पण ती ९०डीला बसणार नाही. आरएफ माउंटची लेन्स फक्त मिररलेस आर मालिकेच्या बॉडीला लागते. ९०डीची ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरने आरवर जाते, उलटं होत नाही. पुढे मिररलेस घ्यायचा विचार पक्का असेल तरच तिचा विचार करावा. शिवाय टोकाला एफ/८ आहे आणि पाण्या-धुळीपासून सील नाही. पावसाळ्यात तिच्यावर कव्हर हवंच.

बाकी ब्रँडवाल्यांनी हा धागा वाचला तर त्यांच्यासाठी (मीटर-सेंमी म्हणजे किमान अंतर, दुसरा आकडा मॅग्निफिकेशन): सोनीची १००-४०० जीएम ९८ सेंमी आणि ०.३५, तर २००-६०० ही २.४ मीटर आणि ०.२. निकॉनची झेड १००-४०० ही ०.३८, जुनी २००-५०० ही २.२ मीटर आणि ०.२२. टॅमरॉन १५०-६०० जी२ २.२ मीटर आणि ०.२६, सिग्मापेक्षा जवळच्या कामाला उजवी. सिग्मा १००-४०० १.६ मीटर आणि ०.२६. फार लांब पल्ला नको असेल तर सोनी ७०-२०० एफ/४ ची दुसरी आवृत्ती पूर्ण झूमभर ०.५ देते, हे टेलिफोटो झूममध्ये दुर्मीळ आहे.

रानमोगरा
एक बारीक गोष्ट राहिली. १००-४०० च्या अंगावर फोकस लिमिटरचं बटण आहे: 'पूर्ण' आणि '३ मीटर ते अनंत'. ते ३ मीटरवर राहिलं तर लेन्स जवळचं धरतच नाही, आणि माणूस लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीला घेऊन जातो. सोनी १००-४०० जीएमलाही तसंच बटण आहे. जवळच्या कामाला आधी तिथे बोट जाऊ द्या.

'पूर्ण'वर ठेवलं की लेन्स कधी कधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भटकत बसते. आधी हाताने रिंग फिरवून अंदाजे जवळ आणायची, विषय धूसर का होईना दिसू लागला की मग शटरचं बटण अर्धं दाबायचं.

तांडेल
खाजणात ट्रायपॉडचे पाय रुततात आणि सरळ उभे राहत नाहीत. खेकड्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आणायचा तर चिखलापासून चार-पाच बोटंच उंची हवी. त्यासाठी जुनी अ‍ॅल्युमिनियमची परात घ्या, फूटभर व्यासाची. मध्ये भोक पाडून खालून तीन सुती (३/८ इंची) बोल्ट घाला, इंचाला १६ आट्यांचा. दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर आणि खालच्या बाजूला रबराचा वॉशर, म्हणजे चिखलाचं पाणी वर येत नाही. परातीच्या वर बोल्ट अर्धा इंचच राहू द्या, जास्त राहिला तर बॉल हेड पूर्ण बसत नाही आणि डुगडुगतं. त्यावर हेड आवळा आणि लेन्सच्या कॉलरचा (लेन्सभोवतीच्या कड्याचा) पाय हेडवर चढवा. बॉडीला धरून लावू नका, सगळा भार माउंटवर येतो. परात चिखलावर होडीसारखी सरकते. ९०डीचा पडदा बाहेर उघडून वर वळवला की मान मोडावी लागत नाही.

ओल्या चिखलाची चकाकी आणि निवटीच्या अंगावरचे पांढरे ठिपके कमी करायला पोलरायझर लावा. पृष्ठभागापासून ३५-४० अंशांच्या कोनात तो सगळ्यात जास्त काम करतो. अगदी जमिनीलगत गेलात की त्याचा परिणाम घटतो आणि एक ते दीड स्टॉप उजेड उगाच जातो. तिथे काढून ठेवा.

सडा_फिरस्ता
चापड्याबद्दल दोन ओळी. मॅक्रो घेऊन त्याच्याजवळ जाऊच नये. १००-४०० ने दीड मीटरवरून चौकट पुरेशी भरते, डोकं आणि वेटोळं दोन्ही येतं. फांदी वाकवायची नाही, काठीने सरळ करायचं नाही. फ्लॅश वापरणार असाल तर कॅमेऱ्यावरचा लांबून बारीक ठिणगीसारखा पडतो आणि खवल्यांवर कडक चमक येते. तो बाजूला धरून डिफ्यूजर विषयापासून हातभर अंतरावर हवा. सापाच्या इतक्या जवळ तो धरणं शक्य नाही, तेव्हा फ्लॅश विसरा, मोनोपॉड घ्या आणि १/६० ला काम भागवा. साप स्थिर असतो.

वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला जाल तेव्हाही फ्लॅश बंद. ती उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात.

खाजणकाठ
मग ठरलं: वापरलेली १००-४०० दुसरी आवृत्ती, आधी ५००डी, पुढे कन्व्हर्टर. वापरलेली घेताना काय तपासू?

भिंगवाला
सोबत स्टीलची पट्टी न्या. लेन्स ४०० वर, लिमिटर 'पूर्ण'वर, पट्टी सेन्सरपासून ९८ सेंमीवर आडवी धरा. फोकस बसला पाहिजे आणि चौकटीत साधारण ७२ मिमी दिसले पाहिजेत. त्याच फ्रेममध्ये डाव्या आणि उजव्या टोकाचे आकडे सारखे टोकदार आहेत का बघा. एक बाजू मऊ असेल तर भिंग सरकलेलं आहे. पट्टी तिरपी धरली गेली नाही ना, याची खात्री करायला उलटी फिरवून पुन्हा घ्या.

नंतर दोन्ही झाकणं काढून, अ‍ॅपर्चर उघडं असताना, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. धुळीचे चारदोन कण चालतात, बुरशी नाही. किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी. झूम सावकाश ताणताना कानाजवळ धरा, करकर ऐकू आली तर वाळू आहे. झूमची घट्टी ठरवणारी रिंग सैल करून आणि आवळून दोन्ही बघा. माउंटभोवतीचं पातळ रबर फाटलेलं नसावं, तेच पाणी अडवतं. कॉलरच्या स्क्रूवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर खारं पाणी लागलेलं आहे.

रानमोगरा
आणि घरी आणल्यावर: किनाऱ्यावरून आलात की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने लेन्सचं अंग पुसा, मग कोरड्याने. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. काचेला आधी ब्लोअर, मग ब्रश, फडकं शेवटी. क्वार्ट्‌झच्या कणावर फडकं घासलं की कोटिंग गेलं.

ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. पावसात वीज जाते तिथे रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ५५ च्या वर गेला की जेल बदला. रंग उतरलेली नारिंगी जेल ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत दोन तास तापवली की पुन्हा चालते. लेन्सबरोबर आलेल्या कापडी-चामडी पिशवीत लेन्स ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.

एसी खोलीतून थेट बाहेर काढाल तर काचेवर दव धरतं आणि झूम ताणला की तीच दमट हवा आत ओढली जाते. झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर न्या आणि अर्धा तास उघडू नका. ५००डी पावसात स्क्रूने घट्ट बसवू नका, टेकवून पाव फेरा पुरे. खारट ओल सुकली की दोन रिंगा एकमेकींना धरतात. अडकल्याच, तर हाताने जोर न लावता कडेला जाड रबरबँड गुंडाळा आणि चारही बाजूंनी सारखी पकड घेऊन फिरवा. दोनच बोटांनी दाबलं तर रिंग लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते.